तंबोऱ्याचे कागद आणि चौदा सेंट

तुम्ही विचारलंय: एथनोम्युझिकॉलॉजीत (निरनिराळ्या समाजांच्या संगीताचा अभ्यास) पीएचडीला प्रवेश मिळालाय, नवरा आणि सात वर्षांचा मुलगा बरोबर येणार, वाद्यही न्यायचंय, तर तयारी कशाकशाची करू? एकटेपणा येतो का? व्हिसा, विमा, शिष्यवृत्ती हे सगळं विद्यापीठाच्या पत्रांत असतं. ते सोडून देते. खरं तर उत्तर द्यायचंच नव्हतं, पण दोन दिवस प्रश्न डोक्यातून जाईना.

आधी वाद्य. माझ्या तंबोऱ्याच्या खुंट्या शिसवीच्या. मी २०१८ मध्ये निघाले आणि आदल्याच वर्षी शिसवीच्या सगळ्या जाती साइट्स या आंतरराष्ट्रीय वन्यजीव करारात आल्या होत्या. परवान्यासाठी तीन महिने हेलपाटे घातले. अर्जातल्या ‘प्रजातीचं शास्त्रीय नाव’ या रकान्यापुढे कारागीरही हात टेकून बसला. विमानतळावर खुंट्यांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही; घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, कुठल्या प्राण्याच्या हाडाची, हेच विचारत राहिले. विक्रीसाठी नसलेल्या दहा किलोपर्यंतच्या सामानाला तेव्हाही सूट होती, हे मला नंतर कळलं! २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यं बहुतेक मोकळीच झाली, त्यामुळे तुम्हाला एवढा जाच नाही. तरी घोडी कशाची आहे ते कारागिराकडून लिहून घ्या. हस्तिदंताचा तुकडा जडवलेला असेल तर ते वाद्य आणूच नका.

अभ्यासात वाचन भरपूर आहे, त्याची भीती नको. अवघड असतं ते पुन्हा बिगरीत बसणं. मँटल हूड या अमेरिकन संगीत-अभ्यासकांनी १९६० मध्ये ‘बाय-म्युझिकॅलिटी’ची कल्पना मांडली: दोन भाषा येतात तशी दोन संगीतं यायला हवीत, नुसतं बाहेरून ऐकून लिहायचं नाही. म्हणून कितीतरी विभागांत जावाचं गामेलान, म्हणजे अनेकांनी मिळून वाजवायच्या काशाच्या वाद्यांचा ताफा, असतं. पंधरा वर्षं गाणं शिकलेली मी काशाच्या पट्ट्यांवर हातोडी मारायला बसले. एका हाताने पुढची पट्टी वाजवायची, त्याच वेळी दुसऱ्या हाताने मागची दाबून गप्प करायची. महिनाभर जमेना. शिवाय एकटीने सराव करून उपयोग नाही, कारण तुमच्या स्वराला अर्थ येतो तो शेजारचा वाजवतो तेव्हा.

एकटेपणाचं विचारलंत. येतो. सोमवारी गामेलान असायचं, तेवढी संध्याकाळ बरी जायची. पुढे.

संमतिपत्रं. ज्याचा आवाज ध्वनिमुद्रित कराल त्याची सही लागते, आणि ते योग्यच आहे. पण माझ्या अभ्यासात माझी आईही होती. तिला फोनवरून ‘सहभागातून केव्हाही माघार घेण्याचा हक्क’ समजावून सांगितला. ती म्हणाली, “म्हणजे आता तुला मी गायलेलं नकोय का?” त्या दिवशी काम तिथेच थांबलं.

आता मुलाचं. हे लिहायचं की नाही, अजून ठरत नाहीये. माझी मुलगी तंबोऱ्यावर गायला शिकलेली. तंबोऱ्याच्या षड्जातून निघणारा गंधार ३८६ सेंटवर असतो आणि पियानोचा ४०० वर. सेंट हे दोन स्वरांमधलं अंतर मोजायचं माप, अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकांचं. १८८५ मध्ये देशोदेशीच्या स्वरसप्तकांची मोजणी करून त्यांनी दाखवलं की निसर्गाने ठरवून दिलेलं असं एकच सप्तक नाही. शाळेत पियानोबरोबर गाताना मुलीचा गंधार उतरलेला वाटला असणार. प्रगतिपुस्तकात शेरा आला: ‘स्वराची जाण कच्ची, गटगायनात हळू गावे.’ हळू गावे!

त्याच आठवड्यात मी विद्यापीठातल्या वर्गात जॉन ब्लॅकिंग शिकवत होते. दक्षिण आफ्रिकेतल्या वेंदा लोकांत दोन वर्षं राहून त्यांच्या संगीताचा अभ्यास केलेला हा माणूस. तिथे प्रत्येकाला गाता-वाजवता येतं असंच धरून चालतात, हे मी तळमळीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी पालकसभेत तो शेरा देणाऱ्या बाईंसमोर बसले आणि “थँक यू” म्हणून उठले. व्हिसाचं नूतनीकरण अडकलेलं, इंग्रजी ऐनवेळी दगा देणारं. कारणं पुष्कळ आहेत. आणि चौदा सेंटांचा फरक त्या बाईंना खरंच ऐकू आला होता की पोरगी त्या दिवशी नुसतीच बेसूर गायली, हेही मला माहीत नाही. विचारलंच नाही ना.

तेव्हा पहिल्या पालकसभेला तुम्ही स्वतः जा, आणि काय बोलायचं ते आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवा. मुलगा गात नसेल तरी जा.

मुलगी आता पंधराची आहे, गात नाही. परवा सहज विचारलं, त्या बाई आठवतात का गं? म्हणाली, “कोण?” मग मी विषय बदलला.