‘नमाज पढलीस का?’ हा प्रश्न महिनाभर बंद

प्रश्न : आम्ही काही वर्षांपासून लंडनमध्ये राहतो. मुलगी बारा वर्षांची, मुलगा नऊ. माझ्या लहानपणी अजान कानावर पडायची, घरातले सगळे उठायचे, त्यांच्याबरोबर आम्हीही उठायचो. इथे मी एकटीच दिवसभर ‘नमाज पढलीस का, पढलास का’ करत फिरते. मुलगा ‘हो’ म्हणतो, पण मुसल्ला (नमाजची चटई) सकाळी ठेवला तसाच घडी घातलेला असतो. मुलगी तोंड फिरवते. यांचं म्हणणं, जरा कडक वाग. मुलांना नमाजची गोडी लागावी यासाठी काय करू?

उत्तर : आधी मुलाच्या त्या ‘हो’बद्दल बोलू. ज्या प्रश्नाचं एकच उत्तर घरात चालतं, तो प्रश्न नऊ वर्षांच्या मुलाला रोज पाच वेळा विचारला, तर ते तेच उत्तर देणार. यात नमाज तर जातेच, खरं बोलायची सवयही जाते. म्हणून महिनाभर हा प्रश्न बंद ठेवा. त्याऐवजी तुम्ही वजू करून (नमाजआधी हात-पाय-तोंड धुऊन) या, दोन मुसल्ले शेजारी-शेजारी अंथरा आणि ‘मी उभी राहतेय, येतोस?’ एवढंच म्हणा. आला तर आला. नाही आला तर आपली नमाज निवांत पढा आणि नंतर टोमणा मारू नका. हे शेवटचंच सगळ्यात अवघड आहे. पहिले काही दिवस तो येणार नाही, हे धरूनच चाला.

कुरआनातल्या सूरह ताहाची (ताहा या अध्यायाची) १३२वी आयत बयानांत (प्रवचनांत) नेहमी ऐकायला मिळते : आपल्या घरच्यांना नमाजचा हुकूम द्या. त्याच आयतीत लगेच पुढे, स्वतःही त्यावर टिकून राहा, असं सांगितलं आहे. वडील सोफ्यावर मोबाइल बघत ‘जा, नमाज पढ’ म्हणत असतील, तर मूल एवढंच शिकतं की नमाज ही लहानांना लावायची शिस्त आहे आणि मोठं झालं की त्यातून सुटका होते. तुमच्या पत्रात यांच्या स्वतःच्या नमाजबद्दल एक शब्दही नाही. मी विचारत नाही. तुम्ही दोघांनी आपसात बोलून घ्या, मुलांसमोर नको.

कडक वागण्याचा सल्ला कुठून येतो, ते ठाऊक आहे. मुलं सात वर्षांची झाली की त्यांना नमाज सांगा, दहाव्या वर्षी नाही पढली तर मारा, अशी हदीस (पैगंबरांचं वचन) आहे. तिच्यातला दुसरा भाग सगळ्यांना पाठ असतो. पहिल्या भागाचा हिशोब मात्र कुणी करत नाही. सात ते दहा म्हणजे तीन वर्षं, रोज पाच वेळा. नुसतं सांगणं, बोलावणं, सोबत उभं करणं हेच पाच हजारांहून जास्त वेळा होतं. एवढं मायेनं बोलावलेलं मूल दहाव्या वर्षी सहसा मारापर्यंत येतच नाही. फुकहांनीही (धर्मकायद्याच्या जाणकारांनीही) त्या मारावर इतक्या अटी घातल्या आहेत (इजा होता कामा नये, चेहऱ्यावर नको, राग काढण्यासाठी तर मुळीच नको) की आपल्याकडे ज्याला मार म्हणतात तो त्यात बसत नाही. ज्यांच्याकडून ही हदीस आली, त्या पैगंबरांची (स.) वागणूकही बघा. हजरत अनस (रजि.) लहानपणापासून दहा वर्षं त्यांच्या खिदमतीत होते. पैगंबरांनी आपल्याला कधी ‘उफ्’ही म्हटलं नाही, असं ते सांगतात.

शिवाय परदेशांतल्या कायद्यांकडेही बघायला हवं. मुलांना मारण्यावर स्वीडनने १९७९मध्ये बंदी घातली, जर्मनीने २०००मध्ये. ब्रिटनमध्ये स्कॉटलंडने २०२०मध्ये आणि वेल्सने २०२२मध्ये आई-बापांसाठीची कायदेशीर पळवाट काढून टाकली. माझं स्वतःचं मत मात्र कायद्यावर अवलंबून नाही. नमाजसाठी मार खाल्लेलं मूल अठरा वर्षांचं होऊन वसतिगृहात गेलं की पहिली गोष्ट कोणती सोडतं, हे परदेशातल्या अनेक घरांनी बघितलं आहे.

आता गोडी लावण्याबद्दल. घरात दिवसातून एक नमाज जमातीने (सगळ्यांनी मिळून) होऊ द्या, एकच. ती कोणती, हे ऋतू बघून ठरवा. डिसेंबरात लंडनला सूर्य चारच्या आत मावळतो, तेव्हा मगरिबला कुणी बसमध्ये असतं तर कुणी ऑफिसात. मात्र इशा (रात्रीची नमाज) संध्याकाळी लवकरच लागते आणि जेवणाआधी सगळे घरात सापडतात. जूनमध्ये मगरिबच नऊ वाजून गेल्यावर असते, त्या दिवसांत सुट्टीच्या दिवशीची असर (दुपारनंतरची नमाज) धरा. अजान मुलाला देऊ द्या. अ‍ॅपमधल्या आवाजापेक्षा त्याचा अडखळता आवाज घराला जास्त लवकर गोळा करतो, हे आठवड्याभरात कळेल. मुलीला आवडत असेल तर सूरह तिने निवडावी.

यावरून अम्र बिन सलमा (रजि.) यांची हकीकत आठवते. सहा-सात वर्षांचं पोर, पण कबिल्यात कुरआन सगळ्यात जास्त त्यालाच येत होतं, म्हणून लोकांनी त्यालाच इमाम केलं. अंगावरची चादर आखूड होती, सजद्यात (कपाळ जमिनीला टेकायला) गेला की वर सरकायची. बायकांनी टोकल्यावर लोकांनी कापड आणून त्याला सदरा शिवून दिला. त्या सदऱ्याइतका आनंद दुसऱ्या कशाचाच झाला नाही, असं त्यांनी मोठेपणी सांगितलं. मुलाने मोठ्यांची इमामत करावी का, यावर शाफई आणि हनफी या दोन धर्मशास्त्रीय परंपरांच्या उलेमांचं एकमत नाही. शाफई समजत्या मुलाची इमामत मानतात, हनफी फर्ज (बंधनकारक) नमाजसाठी मानत नाहीत. तुमच्या घरी हनफी मसलक असेल तर बहीण-भावांनी खेळीमेळीत आपली वेगळी जमात करावी, तुम्ही तुमची करा. पण मुलाला नवा कुर्ता आणि स्वतःचा मुसल्ला जरूर आणा, रंग त्यालाच निवडू द्या.

नमाजच्या हिशोबाने पैसे देऊ नका, हेही इथेच सांगते. लहान मुलांच्या तक्त्यावर चांदण्या चिकटवल्या तर काही बिघडत नाही, चार आठवड्यांत त्यांनाच कंटाळा येतो. पैशाचं तसं नाही, त्याचा भाव वाढत जातो.

मुलं नमाजमध्ये चुळबुळ करतात, हसतात, मध्येच पळतात. करू द्या. पैगंबर (स.) नात उमामाला खांद्यावर घेऊन नमाज पढवत होते, सजद्यात जाताना तिला खाली ठेवत आणि उठताना परत उचलून घेत. एकदा सजदा इतका लांबला की मागच्यांना वाटलं काहीतरी झालं असावं. नंतर कळलं की नातू पाठीवर चढला होता आणि त्याचं मन भरेपर्यंत त्यांनी घाई केली नाही. मशिदीत तुमच्या मुलाकडे डोळे वटारून बघणारे चाचा भेटलेच, तर त्यांच्याशी वाद घालू नका. मशीद बदला, नाहीतर वेळ बदला. मशिदीची पहिली आठवण दटावण्याची असू नये.

दुसरी गोष्ट अर्थाची. परदेशात वाढलेल्या बऱ्याच मुलांना ऑनलाइन उस्तादांमुळे तजवीद (कुरआनचे शुद्ध उच्चार) उत्तम येते, पण आपण काय म्हणतोय हे विचारलं की गप्प होतात. सूरह फातिहाच्या सात आयती आहेत आणि ती रोजच्या फर्जच्या सतरा रकातींत (नमाजच्या आवर्तनांत) सतरा वेळा येते. आठवड्याला एक आयत, जेवणाच्या टेबलावर, मराठीत, दोन मिनिटं. याहून जास्त नको, नाहीतर तोही क्लास होईल. रुकूत (कमरेत वाकल्यावर) काय म्हणतो, सजद्यात काय म्हणतो, तेही सांगा. सलाम फिरवल्यावर हात उचलून त्याने स्वतःची दुआ मागावी, मराठीत किंवा इंग्रजीत, त्याला येईल तशी. उद्याची मॅच जिंकू दे, असं मागितलं तर हसू नका. आपलं ऐकणारा कुणीतरी आहे हे मुलाला एकदा पटलं की तुमचं बोलावणं कमी होत जातं.

शाफई घरातल्या मुलांसाठी एक टीप. इथल्या मशिदींत बरेचदा हनफी जमात असते. आपण रुकूआधी हात उचलतो, फजरला (पहाटेच्या नमाजला) कुनूत ही दुआ पढतो, ते तसं करत नाहीत, आणि मूल घरी येऊन विचारतं की चुकतंय कोण. कुणीच चुकत नाही. हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे मशिदीत कुणी टोकलं तरी ते बावरणार नाही.

शाळेचा प्रश्न वाटतो त्याहून लहान आहे. उन्हाळ्यात लंडनला जोहरची (दुपारच्या नमाजची) वेळ पाचपर्यंत टिकते, म्हणजे शाळेतून घरी येऊन जोहर पढता येते. अडचण नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली. जोहर बाराच्या सुमारास लागते आणि दोनच्या आसपास असर सुरू होते, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीतच पढावी लागते. शाळेला साधी विनंतीची चिठ्ठी लिहा : एक कोपरा आणि दहा मिनिटं. बऱ्याच शाळा देतात. हक्काची भाषा पहिल्याच पत्रात नको. लंडनमधल्या एका शाळेने नमाजवर घातलेल्या बंदीविरुद्ध एक विद्यार्थिनी कोर्टात गेली होती, १६ एप्रिल २०२४ रोजी हायकोर्टाने शाळेच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकेत सरकारी शाळांतल्या मुलांना मोकळ्या वेळेत स्वतःहून इबादत करण्याची मुभा आहे. देशागणिक नियम वेगळे. तुमचा मुलगा अजून बालिग (वयात आलेला) नाही, नमाज त्याच्यावर फर्ज झालेली नाही. शाळेतली एखादी राहिली तर घरी कजा (राहिलेली नमाज नंतर) पढायची सवय लावा आणि विषय तिथेच सोडा. मुलांना खरी लाज वाटते ती नमाजची नाही, सिंकमध्ये पाय धुताना कुणी बघण्याची. वजू घरून करून जाणं आणि मोज्यांवर मसह करणं (ओला हात फिरवणं) याने ती बरीचशी सुटते. मसहसाठी कोणते मोजे चालतात ते तुमच्या इमामांना विचारून घ्या.

मुलीचं तोंड फिरवणं मात्र मला वेगळं वाटतं. ती बारा वर्षांची आहे. पाळी सुरू झाली असेल तर महिन्यातले काही दिवस तिला नमाज माफ आहे, त्याची कजाही नाही. त्या दिवसांत भावासमोर, अब्बांसमोर ‘आज का नाही पढलीस?’ हा प्रश्न तिला किती नकोसा होत असेल, याचा विचार करा. यांना आणि मुलालाही सांगून ठेवा की तिला हा प्रश्न घरात कुणीही विचारायचा नाही, कधीच. तुम्ही तिच्याशी एकांतात बोला, ऐकण्यासाठी बोला. त्या दिवसांत तिला जमातीच्या वेळी एकटं पाडू नका, जिक्र (अल्लाहचं स्मरण) आणि दुआ तिला करता येतेच. या वयातल्या मुलींच्या मनात प्रश्नही असतात, खरंच फायदा होतो का, असेही. ‘तौबा, तौबा’ म्हणून तिला गप्प केलंत तर ते प्रश्न ती इंटरनेटला विचारेल.

फजर शेवटी घेतली, कारण सुरुवात तिच्यापासून करू नये. सुरुवात करायचीच तर हिवाळ्यात करा. डिसेंबरात सूर्य आठच्या सुमारास उगवतो, सात वाजता शाळेसाठी उठलेल्या मुलाला फजर झोप न मोडता मिळते. जूनमध्ये नऊ वर्षांच्या मुलाला मध्यरात्रीनंतर हलवून उठवण्याचा हट्ट मी धरणार नाही. उन्हाळ्यातल्या इशा आणि फजरच्या वेळा मशिदीगणिक वेगळ्या असतात. जवळच्या मशिदीचं वेळापत्रक घ्या, फ्रिजवर लावा आणि वर्षभर त्याच्यावरच राहा.