2 मीटरच्या ग्लायडरच्या पंखात कोणते सर्वो घ्यावेत आणि ते कसे बसवावेत?

भाऊ, तुम्ही जळगावात 2 मीटर पंखांचं, रिमोटवर उडणारं, बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) ग्लायडरचं मॉडेल बांधताय आणि विचारताय की एलेरॉन (पंखाच्या टोकाकडच्या, विमान कलवणाऱ्या झडपा) आणि फ्लॅप (मुळाकडच्या, वेग कमी करणाऱ्या झडपा) यांना कोणते सर्वो (त्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) घेऊ, ते हॉट ग्लूने (वितळवून लावायच्या गोंदाने) चिकटवले तर चालतील का.

आधी हॉट ग्लूचं सांगतो, कारण तिथेच खरा धोका आहे. आपल्या खान्देशात तो पंखात वापरू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास असतो, उन्हात उभ्या बंद गाडीत 60 अंश सहज होतात, आणि गडद फिल्म (पंखावरचं प्लास्टिकचं आवरण) लावलेला पंख आणखी तापतो. त्या उष्णतेत हा गोंद मऊ पडतो. सर्वो सुटून पडला तर निदान दिसतं तरी; पण तो जागच्या जागी किंचित हलायला लागला की एलेरॉनला वेगात फडफड सुटते आणि पंख हवेतच मोडू शकतो. फोमवाल्या दुहेरी टेपचीही तीच गत.

निवड करताना आधी पंखाची जाडी मोजा. मुळाशी पंखाची पुढून मागे रुंदी 200 मि.मी. आणि जाडी त्या रुंदीच्या 8 टक्के असेल तर 16 मि.मी. मिळतात, टोकाकडे रुंदी 130 झाली की साडेदहाच. एसजी90, एमजी90एस हे नेहमीचे सर्वो आडवे झोपवले तरी जवळपास 12 मि.मी. जाड. म्हणजे फ्लॅपपाशी मावतील, एलेरॉनपाशी बाहेर डोकावतील. तिथे खास पंखासाठी येणारे 8 किंवा 10 मि.मी.चे पातळ सर्वो घ्या, महाग असले तरी. ताकद म्हणाल तर एलेरॉनला दीड-दोन किलो-सेंमी पुष्कळ झाली. फ्लॅपला अडीच-तीन, आणि गिअर धातूचेच.

पण माझ्या मते ताकदीपेक्षा प्ले, म्हणजे सर्वोतला ढिलेपणा, महत्त्वाचा. सर्वोला करंट देऊन त्याचा आर्म (वरची फिरणारी दांडी) दोन बोटांत हलकेच हलवून बघा. डगडग जाणवली तर तो पंखात घालू नका, शेपटीतही नको. उतारावर उडवणार असाल तर याला अजून जपा. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या वाऱ्याच्या जोरावरच. अशा वाऱ्यात ग्लायडरचा वेग फार वाढतो.

आता बसवणं. दोन बरगड्यांच्या (पंखाला आकार देणाऱ्या फळ्यांच्या) मधे, स्पारच्या (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांडीच्या) मागे जागा निवडा. स्पारला करवत लावायची नाही. सुताराकडून सागाच्या 6 मि.मी.च्या पट्ट्या कापून घ्या आणि बरगड्यांना इपॉक्सीने चिकटवा. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवायची बाजू सँडपेपरने घासा, थिनरने पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच इपॉक्सी. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडायचं, नाहीतर पट्टी फाटते. पातळ सर्वोला स्क्रूचे कान नसतील तर त्याच्यावर हीट-श्रिंक नळी (गरम केली की आवळणारी प्लास्टिकची नळी) घट्ट बसवून ती इपॉक्सीने चिकटवा. पुढे बदलायचा झाला तर नळी चिरली की सर्वो सुखरूप निघतो.

आर्म लावायच्या आधी रिमोटचे ट्रिम आणि सबट्रिम (सर्वोची मधली जागा सरकवणारी सेटिंग) शून्यावर आणा. एलेरॉनला आर्मचं आतलं भोक आणि लांब हॉर्न (झडपेवरचा, आर्मची तार जोडायचा कान) वापरा. सर्वोची पूर्ण चाल कामी येते, ताकद वाढते, उरलासुरला प्लेही कमी होतो. फ्लॅपचं वेगळं आहे. हॉर्न पंखाच्या खालच्या बाजूला असेल तर फ्लॅप वर असताना आर्म मागे, फ्लॅपकडे झुकलेला ठेवा, म्हणजे जवळपास सगळी चाल फ्लॅप खाली न्यायला मिळते. सगळं जोडून झाल्यावर एलेरॉनची मागची कड हलवून बघा. अर्धा मिलिमीटर हलली तर ठीक. दोन मिलिमीटर हलली तर कुठे ढिलं आहे ते शोधल्याशिवाय उडवू नका.

वायर लांब जाते, तेव्हा 22 गेजची घ्या. 6 व्होल्टचे सर्वो 2 सेलच्या लिपो बॅटरीवर थेट लावू नका. पूर्ण चार्ज झाल्यावर ती 8.4 व्होल्ट देते आणि सर्वो जळतात, मधे बीईसी (व्होल्टेज कमी करून देणारं सर्किट) हवाच.

आणि शेतात उतरवताना टेकायच्या क्षणभर आधी फ्लॅप वर घ्या. पऱ्हाटीच्या खुंटात फ्लॅप अडकला की धातूच्या गिअरचेही दात जातात.