नर्तकांसाठी बॅगपाइप लयीत कसा वाजवावा?

तुम्ही लिहिले आहे की पाइप बँडमध्ये मार्च वाजवण्याचा तुम्हाला चांगला सराव आहे, पण स्कॉटिश हायलँड नृत्याला एकट्याने साथ करताना नाचणाऱ्या मुली ‘ठोका कळत नाही’ असे म्हणतात. अशा वर्गांना मी साथ करतो, त्यामुळे सांगतो की ही तक्रार बहुधा रास्त असते. बँडमध्ये ठोका देण्याचा बराचसा भार ड्रमवाल्यांनी उचललेला असतो.

बॅगपाइपवर एखादा स्वर जोरात आणि दुसरा हळू असे वाजवता येत नाही, आणि सूर मध्येच थांबवताही येत नाही. सनईवादक जिभेने स्वर तोडू शकतो. इथे चँटरची, म्हणजे बोटांनी स्वर काढायच्या नळीची, पत्ती आत बंद असल्याने ओठ तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. मग जोर दाखवायला दोनच साधने उरतात: स्वराची लांबी आणि ग्रेसनोट, म्हणजे बोट क्षणभर उचलून काढलेला निसटता स्वर. ही ग्रेसनोट नेमकी मात्रेवर पडली पाहिजे, आणि डबलिंग, म्हणजे पाठोपाठ काढलेल्या ग्रेसनोटचा गुच्छ, असेल तर त्यातली पहिली. ती किंचित आधी पडली तरी ऐकणाऱ्याला गोड वाटेल, पण नाचणाऱ्याचा पाय अडखळेल.

हायलँड फ्लिंग या नृत्याचेच पाहा. त्यातल्या ‘शेडिंग’मध्ये नर्तकी एका पायाच्या चवड्यावर उड्या मारते आणि दुसरा पाय बाजूला, पोटरीमागे, पुढे आणि पुन्हा मागे नेते, चार मात्रांना चार उड्या. याला स्ट्रॅथस्पे, म्हणजे लांब-आखूड स्वरांची चार मात्रांची स्कॉटिश नृत्यधून, वाजवतात. त्यात पहिली मात्रा भक्कम, तिसरी मध्यम, दुसरी व चौथी हलकी धरावी, लांब स्वर पुरता लांबवावा आणि आखूड स्वर आखूडच ठेवावा. लांब स्वर आवरता घेतला, तर तिला पुरेशी उंची गाठण्याआधीच खाली यावे लागते. एकलवादनाच्या स्पर्धेत वादक स्ट्रॅथस्पे आपल्या मर्जीने ताणतात. तो थाट इथे नको, कारण स्पर्धेत तुमच्या एका पाइपवर अनेकदा तीन-चार जणी शेजारी शेजारी नाचत असतात.

तलवारनृत्य आणि शॉन त्रूस या दुसऱ्या हायलँड नृत्यांत संथ लयीतून एकदम द्रुत लयीत जावे लागते. नर्तकी टाळी वाजवते खरी, पण टाळीची वाट पाहत बसलात तर उशीर झालाच म्हणून समजा. प्रत्येक स्टेप, म्हणजे नाचाचा एक तुकडा, साधारणतः आठ बारची (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) असते, म्हणून किती संथ स्टेप्स आहेत हे आधी विचारून मनात मोजत राहावे आणि टाळीबरोबरच नवी लय धरावी.

आणखी एक, ठोक्यागणिक पिशवी दाबू नका. पायाने ताल धरला की कोपरही नकळत हलू लागते आणि ड्रोनचा, म्हणजे सतत एकच स्वर देणाऱ्या नळ्यांचा, सूर डगमगतो. सुरुवातीचे चार बार मात्र ज्या लयीत नाच होणार त्याच लयीत वाजवा, कारण नर्तकी त्यांवरच नमस्कार करून पहिल्या उडीचा अंदाज घेते.