रूसोची मुलं, पेस्टालोझीचा मुलगा

प्रश्न : अठराव्या शतकातला विचारवंत रूसो, त्याने स्वतःची मुलं अनाथालयात सोडली. मग त्याचे शिक्षणविचार कशाला डोक्यावर घ्यायचे?

उत्तर : राग रास्त आहे. वर्गात रूसो शिकवताना माझीही जीभ दरवेळी अडखळायची. पण स्वित्झर्लंडचा शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी बघा. रूसोचं शिक्षणावरचं १७६२ चं पुस्तक ‘एमिल’ वाचून तो इतका भारावला, की मुलाचं नावच रूसोवरून ठेवलं. त्याची १७७४ ची रोजनिशी माझी फार लाडकी. बाप साडेतीन वर्षांच्या पोराला डोंगरउतारावरून धावणारं पाणी दाखवतो. पोरगं खूश, पाण्यालाच बजावतं, थांब हं, मी येतोच! आधी वस्तू, मग शब्द, ही पेस्टालोझीची पुढची शिकवण्याची पद्धत इथेच दिसते. त्या मुलाचं लिहिणं-वाचणं मात्र बरंच मागे पडलं, हेही सांगायला हवं.