ओपीडीतला टक्का म्हणजे शहरातला टक्का नव्हे

प्रश्न असा आहे: भारतात सोरायसिसचं (त्वचेवर खपल्यांचे लालसर चट्टे उठवणाऱ्या आजाराचं) प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के आहे असं वाचायला मिळतं, मग ठाण्यात रुग्ण किती धरायचे?

आधी त्या टक्क्याचा छेद बघा. यामागचे बहुतेक अभ्यास रुग्णालयांतले आहेत. १९६३ सालच्या अभ्यासात पाटणा, लखनौ, अमृतसर अशा ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयांमधून सरासरी १.०२ टक्के आकडा आला, पण तो त्वचारोगाच्या रुग्णांमधला, घरोघरच्या माणसांमधला नाही.

ठाण्यातल्याच एखाद्या ओपीडीचं उदाहरण धरा. रोजचे २०० रुग्ण, त्यात सोरायसिसचे ४, म्हणजे २ टक्के. पावसाळ्यात घाम आणि ओल्या कपड्यांमुळे नायट्याचे रुग्ण वाढले आणि रांग ३२० वर गेली, तर तेच ४ रुग्ण १.२५ टक्के होतात. आजार तसूभरही कमी झालेला नसतो. उलट, कोपरावर दोन चट्टे असलेला माणूस ओपीडीत येतच नाही. भारतीय रुग्णालयांत पुरुष साधारण दुप्पट दिसतात, त्यातही उपचारापर्यंत कोण पोहोचतं याचा वाटा असणार.

२०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख होती. ०.५ टक्के धरले तर ९,२००, २ टक्के धरले तर ३६,८००. एवढा फरक असताना एकच आकडा छापू नका, कृपा करून पल्ला लिहा.

खरं उत्तर हवं तर घरोघर पाहणीच लागते. प्रमाण १ टक्का गृहीत धरून अर्ध्या टक्क्याची चूक चालणार असेल तर साधारण १,५२० माणसं पुरतात. पण अख्ख्या सोसायट्या किंवा चाळी निवडल्या तर एका घरातली माणसं एकमेकांसारखी असतात, सोरायसिस तर घराण्यात चालतो. म्हणून दीडपट, २,२८० धरा. फक्त दुपारी गेलात तर लोकलने कामाला गेलेले सगळे सुटतात. रविवार हवाच.

‘आत्ता चट्टे आहेत का’ आणि ‘आयुष्यात कधी निदान झालं का’ हे वेगळे रकाने ठेवा, कारण चट्टे मधूनच नाहीसे होतात. टाळू, कोपर, गुडघे, कंबरेची मागची बाजू आणि नखं त्वचारोगतज्ज्ञाने स्वतः बघायला हवीत. टाळूवरचा सोरायसिस कोंडा म्हणून सोडून दिला जातो. स्टेरॉइडचं मिश्र क्रीम लावलेलं असेल तर नायटाही ओळखू येत नाही. तिथे चट्ट्याच्या कडेची खपली खरवडून केओएच तपासणीला (सूक्ष्मदर्शकाखाली नायट्याची बुरशी शोधायला) पाठवा, मगच नोंद करा.