रविवारची पाळी कोणाची?

प्रिय बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मेंदूत बसवायच्या इलेक्ट्रोडवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत तुला जागा मिळाली, याचा आनंद आहेच. पण पहिल्याच महिन्यात "मॅडम, जनावरांवर हे प्रयोग आपण करावेत का?" असं तू विचारलंस, त्याने मला जास्त धीर आला. तिथे वर्ष-दोन वर्षं काढली की हा प्रश्न सुचेनासा होतो.

माझं उत्तर हो असं आहे, आणि ते मी घरातल्या अनुभवावरून देते. माझ्या मामांना कंपवात होता. चहाचा कप हातात घेतला की कप-बशीचा खडखडाट स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. मेंदूत इलेक्ट्रोड बसवल्यावर तो आवाज थांबला. या उपचारामागे १९९० साली अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ महलॉन डीलाँग आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेलं काम आहे. एमपीटीपी नावाचं रसायन देऊन माकडांमध्ये कंपवातासारखी अवस्था निर्माण केली आणि मग मेंदूतलं सबथॅलॅमिक न्यूक्लिअस नावाचं एक छोटंसं केंद्र निकामी केलं, तेव्हा त्यांचा कंप आणि ताठरपणा कमी झाला. पुढे फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या डॉ. बेनाबीद यांच्या चमूने त्याच केंद्रात रुग्णांना इलेक्ट्रोड बसवले. आज जगात लाखाहून अधिक लोकांच्या मेंदूत असे इलेक्ट्रोड आहेत. मामांचा हात स्थिर झाला तो त्या माकडांच्या जिवावर. हे ऋण मी मानते, आणि म्हणूनच एकही जनावर घाईत वाया गेलेलं मला सोसवत नाही.

घाईचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण न्यूरालिंकचं, म्हणजे मेंदूत बसवायची यंत्रं बनवणाऱ्या इलॉन मस्क यांच्या कंपनीचं आहे. रॉयटर्स या वृत्तसंस्थेच्या डिसेंबर २०२२ मधल्या वृत्तानुसार २०१८ पासून तिथल्या प्रयोगांत सुमारे १,५०० जनावरं मेली होती. पण माझ्या मनात रुतून बसला तो त्याच वृत्तातला दुसरा आकडा. २०२१ मधल्या एका अभ्यासात ६० पैकी २५ डुकरांना चुकीच्या मापाचं यंत्र बसवलं गेलं. पंचवीस डुकरं, आणि त्यांच्याकडून जे शिकायचं ते शिकता आलंच नाही! वेळेचा दट्ट्या नसता तर अशा चुका टळल्या असत्या, असं तिथल्याच काही कर्मचाऱ्यांचं म्हणणं होतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने तपासणी केली, तेव्हा २०१९ मधली एक घटना सोडली तर कायद्याचा भंग आढळला नाही. म्हणजे कायदा पाळूनही जनावरं वाया जाऊ शकतात. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या माणसाला त्यांचं यंत्र बसवलं आणि काही आठवड्यांतच त्या यंत्राचे इलेक्ट्रोड असलेले बरेचसे बारीक धागे मेंदूतून मागे सरकले. असं होऊ शकतं हे कंपनीला जनावरांवरच्या चाचण्यांतून आधीच ठाऊक होतं, असं रॉयटर्सने पुढे मे महिन्यात छापलं. जनावराने जीव देऊन सांगितलेलं ऐकायचं नसेल, तर त्याच्यावर प्रयोग तरी कशाला करायचा?

आता माझ्या हातून घडलेलं सांगते. एका शनिवारी आम्ही चार उंदरांची ऑपरेशनं उरकली. हो, उरकली, हाच शब्द खरा आहे. कवटीला भोक पाडलं, इलेक्ट्रोड उतरवला, वर डेंटल सिमेंटची टोपी बसवली. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही हे आपण पाठ केलेलं असतं. पण कातडीला कळते, हाडावरच्या आवरणाला कळते, मेंदूवरच्या पडद्याला कळते. वेदनाशामकाचा पुढचा डोस रविवारी द्यायचा होता आणि रविवारी पाळीवर कोणीच नव्हतं. सोमवारी सकाळी पाहिलं तर त्यातला एक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाठीची कमान करून बसला होता. केस उभे, डोळ्यांभोवती लाल कडा. बरोबरच्या मुलाला ते रक्त वाटलं, त्याने कापसाने पुसून टाकलं. ते रक्त नव्हतं. डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारं पॉर्फिरिन नावाचं लालसर द्रव्य होतं ते. उंदीर दुखण्यात किंवा ताणात असला की ते असं साचतं, कारण तो तोंड पुसणंच सोडून देतो. पिंजऱ्यावरच्या कार्डावर त्या दिवशी 'ठीक' असं लिहिलं गेलं आणि खाली सही माझी आहे. त्या आठवड्यातले त्याचे मेंदूचे संकेतही आम्ही धडधाकट उंदराचे म्हणून मोजले. म्हणजे त्याचे हाल झाले ते झालेच, वर माहितीही खोटी निघाली. ते आकडे मी नंतर काढून टाकले, पण मधल्या काळात त्यांच्यावर विसंबून आणखी सहा उंदीर घेतले गेले होते.

म्हणून नैतिकता आणि सुरक्षितता असे दोन कप्पे करू नकोस. कळवळणाऱ्या जनावराचा मेंदू तुला निरोगी मेंदूबद्दल काय सांगणार? ड्रिल तापलं तर खालची पेशी भाजते, म्हणून थांबत थांबत, सलाइन सोडत भोक पाड. उंदीरच तर आहे म्हणून निर्जंतुकीकरणात सूट घेऊ नकोस. नैतिकता समितीच्या अर्जात किती जनावरं लागतील ते विचारतात, तिथे मागच्या अर्जातला आकडा उतरवू नकोस, स्वतः हिशोब कर. प्रयोग कुठल्या लक्षणाला थांबवायचा ते ऑपरेशनच्या आधी लिहून ठेव. समोर महिन्याभराची मेहनत दिसत असली की आपण 'अजून एक दिवस बघू' म्हणतो. आणि थांबवण्याचा शब्द पशुवैद्याचा असू दे, ज्याचा प्रबंध अडला आहे त्याचा नको. आपल्याकडच्या नियमांत वापर टाळणं, कमी करणं आणि त्रास घटवणं यांच्या जोडीला पुनर्वसन हे चौथं तत्त्वही आहे. तुझ्या संस्थेत माकडं असतील तर प्रयोग संपल्यावर त्यांचं काय होतं, हे पहिल्याच बैठकीत विचार. त्यांना कामं शिकवताना, पाण्याच्या ओढीने ती करावीत म्हणून, पाणी किती तोडतात, तेही विचार. नवख्या माणसाने विचारलेलं लोक सहन करतात, नंतर करत नाहीत.

फसलेली ऑपरेशनंही वहीत लिहीत जा, तारखेसकट. लपवलेलं अपयश शेजारची प्रयोगशाळा नव्या जनावरावर पुन्हा करते.

पुढच्या शनिवारी तुझं पहिलं ऑपरेशन आहे असं लिहिलंस. रविवारच्या पाळीवर कोण आहे ते आजच विचारून घे. कोणी नसेल तर सरांना सांगून ते मंगळवारवर टाक. आणि मला फोन कर, उशीर झाला तरी चालेल.

तुझी,
मॅडम