काचपेटीला हवेची भोके : कोणत्या बाजूला आणि कशी?

प्रश्न : जुन्या मत्स्यटाकीत मी एक टॅरँट्युला कोळी पाळला आहे. टाकीवर काचेचे झाकण असून त्याच्या एका कडेला जाळीची बोटभर पट्टी आहे. माती ओली केली की काचेवर दोन-दोन दिवस दव राहते आणि कोपऱ्यात पांढरी बुरशी धरते. बाजूच्या काचेला ड्रिलने भोके पाडावीत का? काच तडकण्याची आणि कोळी निसटण्याची भीती वाटते.

उत्तर : भोके पाडावीत, पण त्याआधी काच कोणती आहे हे पाहणे अत्यावश्यक आहे. टफन्ड, म्हणजे तापवून झटकन थंड करून बळकट केलेल्या काचेचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली असतो. त्यामुळे ड्रिल वरच्या थरापलीकडे गेले की हात कितीही सफाईदार असला तरी सबंध काच बारीक तुकड्यांत विखुरते. मोबाइलवर कोरा पांढरा पडदा लावून तो टाकीच्या आत काचेला टेकवून उभा करा आणि बाहेरून पोलराइज्ड गॉगलमधून पाहा. पडदा काळा दिसेपर्यंत गॉगल फिरवा. काळ्या पडद्यावर फिकट ठिपके किंवा पट्टे उमटले, तर ती काच टफन्ड आहे, तिला हात लावू नका. कित्येक टाक्यांत फक्त तळाची काच टफन्ड असते, म्हणून प्रत्येक बाजू वेगळी तपासावी.

आता जागा. माझ्या मते भोकांच्या संख्येपेक्षा त्यांची जागा कितीतरी महत्त्वाची आहे. टॅरँट्युलाच्या पोटाखाली पुस्तकाच्या पानांसारख्या पापुद्र्यांच्या फुफ्फुसांच्या दोन जोड्या असतात. हा प्राणी आपल्यासारखी छाती भरून हवा ओढत नाही, भोवतालच्या हवेवरच बहुतांशी अवलंबून राहतो. तुमच्या टाकीत हवेला एकच वाट आहे आणि तीही वर, त्यामुळे मातीलगतची हवा जागची हलत नाही. एका बाजूला मातीच्या वर दोन-तीन बोटे आणि समोरच्या बाजूला वरच्या कडेजवळ अशी भोके ठेवली, की हवा खालून शिरून तिरपी वर निघते. मातीला अगदी लागून भोक ठेवू नये, कारण बीळ खणणारा कोळी ते एका रात्रीत बुजवून टाकतो. साधारण २५ मिलिमीटर व्यासाची दोन भोके प्रत्येक बाजूला पुरतात. कडेपासून आणि एकमेकांपासून किमान एका व्यासाइतके अंतर सोडावे.

भोक पाडताना काच कापली जात नाही, झिजवली जाते, हे मनात पक्के ठेवा. त्यासाठी हिऱ्याचा थर दिलेले नळीसारखे पोकळ बिट आणि बॅटरीवर चालणारे ड्रिल वापरावे, कारण कामाच्या जागी सतत पाणी असते. टाकी आडवी करून भोक पाडायची काच वर आणावी, तिच्या दोन्ही अंगांना मास्किंग टेप चिकटवावी आणि आत खालच्या काचेवर जाड कापड अंथरावे, नाहीतर सुटलेली चकती पडून तीच काच फुटेल. खुणेभोवती चिकणमातीचे छोटे आळे करून त्यात पाणी भरावे. बिट प्रथम किंचित तिरके धरावे. चंद्रकोरीसारखी खाच पडली की हळूहळू उभे करावे. वेग कमी आणि दाब जवळजवळ ड्रिलच्या वजनापुरताच असावा. पाणी दुधासारखे पांढरे होत जाईल, ते बदलत राहावे. काच कोरडी पडली की तापते, आणि तापली की तडकते. माझी पहिली टाकी शेवटच्या अर्ध्या मिनिटात गेली : आवाज बारीक झाला होता, म्हणजे बिट पार व्हायला आले होते, आणि नेमका तेव्हाच मी जोर दिला. त्या क्षणी दाब आणखी कमी करायचा असतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. भोकाची धार ओल्या पॉलिश पेपरने मोडून घ्यावी.

कोळी निसटण्याबद्दल : पोट मऊ असल्याने दबते, ज्या छिद्रातून पुढचे कडक धड जाते, त्यातून सगळा कोळी जातो. म्हणून त्या धडापेक्षा स्पष्टपणे लहान छिद्रांची स्टेनलेस स्टीलची सच्छिद्र चकती भोकावर बसवावी. विणलेली बारीक जाळी मी टाळतो, कारण पायाच्या टोकाची आकडीसारखी नखे तिच्यात अडकतात आणि सुटण्याच्या धडपडीत पाय गमावला जाऊ शकतो. चकती चिकटवण्यासाठी बुरशीनाशक नसलेले शुद्ध सिलिकॉन घ्यावे आणि आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे काही दिवस, टाकी उघडी ठेवावी.

काच टफन्ड निघाली, तर काचेचे झाकण काढून अॅक्रिलिकचे करावे आणि त्याच्या समोरासमोरच्या कडांना २ ते ३ मिलिमीटरची छिद्रे ओळीने पाडावीत. ओलाव्याने अॅक्रिलिक वाकते, त्यामुळे झाकण जाड घ्यावे आणि घट्ट बसते ना हे मधूनमधून पाहावे. बाजूच्या भोकांची सर त्याला येत नाही, तरी दव बरेच कमी होते.

प्रश्न : कोळ्याला टाकीच्या एका कोपऱ्यात पुठ्ठ्याआड ठेवून हे काम करता येईल का?

उत्तर : कृपया असे करू नका. कोळ्याला जग मुख्यतः पायांवरच्या केसांना जाणवणाऱ्या कंपनांतून कळते, आणि फिरणारे ड्रिल त्याच काचेला थरथरवत असते. शिवाय काचेची भुकटी मातीत मिसळते. त्याला हवेशीर डब्यात दुसऱ्या खोलीत ठेवावे, टाकी धुऊन वाळवावी, माती नवी भरावी. मात्र त्याने खाणे सोडले असेल आणि पोट काळपट, चकचकीत दिसत असेल, तर तो कात टाकण्याच्या बेतात असू शकतो. अशा वेळी त्याला हलवू नये, कात टाकून नवे अंग कडक होईपर्यंत सगळे काम पुढे ढकलावे.